घरी बसून थिअरॉटिकल फिजिक्स आणि मॅथ्स शिकायचंय, तर पुस्तकं कशी निवडायची

माझ्या कपाटात एक रांग अशी आहे की त्यातलं कुठलंही पुस्तक काढा, पेन्सिलीच्या खुणा पहिल्या चाळीसेक पानांपर्यंत आणि पुढे सगळं कोरं करकरीत. सगळी नावाजलेली पुस्तकं आहेत, एकही फालतू नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर, फिजिक्स कॉलेजात पहिल्या वर्षापुरतं केलेलं, आणि तिशी उलटल्यावर डोक्यात घेतलं की क्वांटम मेकॅनिक्स गणितासकट समजून घ्यायचं, यूट्यूबवरच्या श्रोडिंगरच्या मांजरीच्या गोष्टी आता बास. मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, थेट लांदाऊ-लिफशित्झ या रशियन जोडीच्या अवघड पुस्तकमालेतला क्वांटमचा खंड आणला. तिसऱ्या दिवसापासून ओ की ठो कळेना. मला वाटलं आपल्यालाच जमत नाही, म्हणून दुसरं आणलं, मग तिसरं. त्यात दोनेक वर्षं गेली. पुस्तकं चांगलीच होती पण ती निवडायची माझी पद्धत चुकत होती, कारण मी नाव बघून घेत होतो. आता ज्या पद्धतीने निवडतो ती इथे सविस्तर लिहितोय, आणि उदाहरण म्हणून सगळीकडे क्वांटमच घेतो, कारण तो रस्ता मी स्वतः चाललोय.

आधी ठरवा की नक्की काय करता यायला हवंय

"फिजिक्स शिकायचंय" याला पुस्तक सुचवता येत नाही. "हायड्रोजनच्या एनर्जी लेव्हल्स मला कोऱ्या कागदावर स्वतः काढता आल्या पाहिजेत" याला येतं. फरक कळतोय ना? दुसऱ्या वाक्यात एक परीक्षा आहे, पास का नापास ते तुमचं तुम्हालाच कळतं. असंच एखादं वाक्य स्वतःसाठी लिहा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रिलेटिव्हिटीवाल्यांनी "बुध ग्रहाची कक्षा दर शतकात ४३ आर्कसेकंद जास्तीची का सरकते ते गणित करून दाखवेन" असं लिहा, मॅथ्सवाल्यांनी अमुक एक प्रमेय न बघता सिद्ध करेन असं लिहा.

जेरार्ड 'ट हूफ्ट म्हणून डच शास्त्रज्ञ आहेत, १९९९ चं नोबेल मिळालेले, त्यांनी चांगला थिअरॉटिकल फिजिसिस्ट कसं व्हायचं याची एक लांबलचक यादी त्यांच्या वेबसाइटवर टाकलीय, शाळेच्या गणितापासून पार स्ट्रिंग थिअरीपर्यंत. बघाच ती, पण नकाशा म्हणून बघा. किराणा मालाची यादी समजून सगळं एकदम ऑर्डर केलंत तर माझ्यासारखी रांग तयार होईल.

मग उलटं चालत या

ज्या पुस्तकातून शेवटी शिकायचंय ते आत्ताच उघडा (लायब्ररीत, मित्राकडे, दुकानात उभ्याउभ्या, कुठेही), पण वाचायला नाही. फक्त अडणारे शब्द वहीत लिहायला. क्वांटमसाठी बहुतेक जण डेव्हिड ग्रिफिथ्सचं पुस्तक घेतात, तर ते घ्या. हायड्रोजन चौथ्या चॅप्टरमध्ये आहे, तिथपर्यंत नुसती पानं उलटत जा आणि जे नीट येत नाही ते लिहून काढा. माझी यादी साधारण अशी झाली होती: कॉम्प्लेक्स नंबर्स अर्धवट, पार्शियल डेरिव्हेटिव्ह येतं, इंटिग्रेशन बाय पार्ट्स येतं पण गंजलंय, आयगनव्हॅल्यू फक्त नाव ऐकलंय, सेपरेशन ऑफ व्हेरिएबल्स नाही, लिजांड्र पॉलिनॉमियल म्हणजे काय देव जाणे.

आता या यादीकडे बघा. यात क्वांटम कुठेय? एकही शब्द क्वांटमचा नाही! सगळं गणित आहे. म्हणजे मी एकामागून एक क्वांटमची पुस्तकं बदलत होतो आणि घोडं अडलं होतं भलतीकडेच. मला हवं होतं मेरी बोआसचं मॅथेमॅटिकल मेथड्सचं पुस्तक, त्यात दुसरा चॅप्टर कॉम्प्लेक्स नंबर्स आणि तिसरा लिनिअर अल्जिब्रा, आणि तेही अख्खं नाही, मोजून पाच-सहा चॅप्टर.

आणि सगळ्यात मजा म्हणजे सेपरेशन ऑफ व्हेरिएबल्स आणि लिजांड्र मला कळले ते ग्रिफिथ्सच्याच इलेक्ट्रोडायनॅमिक्सच्या पुस्तकात, तिसऱ्या चॅप्टरमध्ये, जिथे तो लाप्लास इक्वेशन आधी चौकोनी डब्यात आणि मग गोलात सोडवतो. तिथे कंडक्टरचा गोल आहे, पोटेन्शियल आहे, डोळ्यासमोर काहीतरी दिसतं. तीच ट्रिक नंतर हायड्रोजनमध्ये आली तेव्हा ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं. म्हणून कोणी म्हणालं की क्वांटमआधी इलेक्ट्रोडायनॅमिक्स कशाला, तर कारण हे आहे, विषय लागतो म्हणून नाही तर हात बसतो म्हणून.

यादीत निम्म्याहून जास्त फुल्या असतील तर अजून एक मजला खाली उतरा. त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. बारावीचं मॅथ्स कच्चं असेल तर एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत, बालभारतीचीही पीडीएफ मिळतात, दोनेक महिने त्यात घाला. फिजिक्ससाठी एच. सी. वर्मांचे दोन भाग, ते तर घराघरात पडलेले असतात, धाकट्या भावाचे नाहीतर चुलत बहिणीचे. जेईईचं पुस्तक म्हणून नाक मुरडू नका, त्यातले प्रॉब्लेम्स चांगले आहेत आणि उत्तरं मागे दिलीयत.

पुस्तक मागून उघडायचं

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, एवढी एक केलीत तरी पैसे वाचतील. दुकानात आपण काय करतो, प्रस्तावना वाचतो, पहिली चार पानं वाचतो. पहिली चार पानं सगळ्यांचीच गोड असतात हो. त्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या चॅप्टरच्या शेवटचा एक्सरसाइज काढा, त्यातले दहा प्रॉब्लेम्स उतरवून घरी आणा, तो चॅप्टर वाचा (पीडीएफवर, लायब्ररीत, जसं जमेल तसं) आणि वीकएंडला सोडवायला बसा. माझा ठोकताळा असा आहे की दहातले आठ-नऊ सहज सुटले तर हे पुस्तक तुमच्या खालचं आहे, चाळून पुढे जा. एखादाच सुटला किंवा एकही नाही, तर आत्ता घेऊ नका, कितीही मोठं नाव असू दे. चार ते सहा सुटले आणि दोन असे राहिले की रात्री झोपताना डोक्यात घोळतायत, तर घ्या, हेच तुमचं पुस्तक. यामागे काही शास्त्र नाही, अनुभव आहे, पण मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांचं नंतर फारसं बिनसलं नाही.

यातून एक गोष्ट आपोआप होते. ज्या पुस्तकात एक्सरसाइजच नाहीत ते मुख्य पुस्तक म्हणून बाद होतं. फाइनमन लेक्चर्स! मला माहितीय इथे लोक चिडणार. १९६१ ते ६३ मध्ये कॅलटेकला दिलेली ती लेक्चर्स, कॅलटेकच्या साइटवर फुकट वाचता येतात, आणि वाचावीतच, एखादी गोष्ट कळल्यानंतर तीच त्याच्या तोंडून ऐकण्यात जो आनंद आहे तो दुसरीकडे नाही. पण मूळ तीन खंडांत प्रॉब्लेम्स नाहीत, ते वेगळ्या पुस्तकात आहेत, आणि नुसतं वाचत गेलं की प्रत्येक पानाला "हो की, बरोबर" असं वाटत राहतं आणि महिन्याने कागदावर काहीच उतरत नाही. रविवारी दुपारी वाचायचं पुस्तक आहे ते.

एकच टॉपिक, तीन पुस्तकं

पातळी जुळली तरी स्वभाव जुळावा लागतो. त्यासाठी एकच टॉपिक तीन पुस्तकांत वाचून बघायचा. क्वांटमची सुरुवातच बघा ना. ग्रिफिथ्स पहिल्याच पानावर श्रोडिंगर इक्वेशन तुमच्या हातात ठेवतो, कुठून आलं विचारू नका, आधी चालवून बघा, गाडी शिकवताना इंजिन उघडून दाखवत नाहीत तसं. आर. शंकर यांचं पुस्तक बरोबर उलटं, पहिली सत्तरेक पानं निव्वळ गणित, व्हेक्टर स्पेस, ऑपरेटर, आयगनव्हॅल्यू, मग दुसऱ्या चॅप्टरमध्ये क्लासिकल मेकॅनिक्सची उजळणी, आणि कुठे जाऊन क्वांटम. आणि साकुराई स्टर्न-गेर्लाखच्या प्रयोगापासून चालू होतो, चांदीचे अणू चुंबकातून सोडले की पडद्यावर दोनच ठिपके, आणि त्या दोन ठिपक्यांतून अख्खी भाषा उभी करतो, पण ते एम.एस्सी.च्या पातळीचं आहे, पहिलं पुस्तक म्हणून जड जातं.

मी इंजिनिअर, मला ग्रिफिथ्स पटकन मानवलं. माझ्या ओळखीत एक ताई आहेत, शाळेत गणित शिकवतात, त्यांना ग्रिफिथ्सची चीड यायची की हे असं का ते सांगतच नाही, त्या शंकरवर गेल्या आणि रमल्या. दोघांचंही बरोबर. म्हणून "बेस्ट बुक कुठलं" हा प्रश्न कुणाला विचारायचाच असेल तर त्याला आधी हे विचारा की तू कुठून आलास.

मेकॅनिक्समध्येही असंच आहे. क्लेपनर-कोलेन्को प्रॉब्लेम्ससाठी उत्तम, मॉरिनच्या पुस्तकात सोडवून दाखवलेले प्रॉब्लेम्स ढिगाने आहेत (आणि मधेमधे वात्रट कविता, खरंच), टेलर सगळ्यात शांतपणे समजावतो. लांदाऊचा मेकॅनिक्सचा खंड पावणेदोनशे पानांच्या आत सगळं संपवतो आणि दुसऱ्याच पानावर लीस्ट ॲक्शनचं तत्त्व आणतो, ज्याला आधीच येतं त्याला तो अमृत वाटतो. मला आत्ता कुठे तो आवडायला लागलाय.

घरी एकट्याने शिकणाऱ्याने जास्तीचं काय तपासायचं

कॉलेजात सर असतात, वर्गात शेजारी कोणीतरी हुशार असतं. आपल्याकडे कोणी नाही, म्हणून उत्तरांचं काय ते आधी बघा. उत्तरं अजिबातच नसतील तर चूक महिनाभर तशीच राहते. आणि संपूर्ण सोल्यूशन्सची पीडीएफ हाताशी असेल तर हात आपोआप तिकडे जातो, दहा मिनिटं अडलं की उघडली, आणि वाटतं की आपल्यालाही हेच सुचणार होतं. सगळ्यात सोयीचं म्हणजे मागे फक्त उत्तरं किंवा हिंट असलेली पुस्तकं. टेलरमध्ये विषम नंबरच्या प्रॉब्लेम्सची उत्तरं आहेत, रायली-हॉब्सन-बेन्सच्या मॅथेमॅटिकल मेथड्सच्या पुस्तकातही विषम नंबरांना हिंट आणि उत्तर आहे, फक्त ते तेराशे पानांचं धूड आहे, मांडीवर घेऊन वाचता येत नाही. इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमसाठी पर्सेलच्या तिसऱ्या एडिशनमध्ये, २०१३ ची, मॉरिननेच बरेच सोडवलेले प्रॉब्लेम्स घातलेत.

त्याच पर्सेलवरून आठवलं, युनिट्स. पर्सेलच्या आधीच्या दोन एडिशन्स गाउसियन युनिट्समध्ये (सेंटीमीटर-ग्रॅमवाली जुनी पद्धत) आहेत, तिसरी एसआयमध्ये. जुन्या बाजारातून स्वस्त मिळाली म्हणून आधीची आणलीत आणि सोबत ग्रिफिथ्स वाचताय, जो एसआयमध्ये आहे, तर एकाच सूत्रात एकीकडे फोर पाय आणि दुसरीकडे एप्सिलॉन नॉट, डोकं फिरतं. जॅक्सनच्या इलेक्ट्रोडायनॅमिक्सच्या पुस्तकाची तिसरी एडिशन तर भारीच आहे, पहिले दहा चॅप्टर एसआय आणि पुढचे गाउसियन. एकाच पुस्तकात! एडिशनकडे नजर टाकायची ती अशा गोष्टींसाठी. बाकी गणित आणि क्लासिकल फिजिक्स शिळं होत नाही, वीस वर्षं जुनी प्रत बिनधास्त घ्या, फक्त प्रॉब्लेम्सचे नंबर बदललेले असतात हे लक्षात ठेवा.

खुणा आणि अक्षरं हा असाच एक छुपा खड्डा. फिजिक्सच्या पुस्तकात थीटा हा झेड अक्षापासूनचा कोन आणि फाय भोवतीचा, कॅल्क्युलसच्या बऱ्याच पुस्तकांत नेमकं उलटं. मी यात तीन संध्याकाळी घालवल्या होत्या, उत्तर येतच नव्हतं, गणित बरोबर होतं आणि अक्षरांची अदलाबदल झाली होती. इनर प्रॉडक्ट मॅथ्सवाले पहिल्या जागेत लिनिअर धरतात, फिजिक्सवाले दुसऱ्या. फूरिएमध्ये टू पाय कुठे ठेवायचा याचे प्रत्येकाचे वेगळे लाड. रिलेटिव्हिटीत तर चिन्हांचीच दोन घराणी आहेत, शॉन कॅरॉलचं जनरल रिलेटिव्हिटीचं पुस्तक वाचताना काळाच्या पदाला मायनस आणि पेस्किन-श्रोडरचं क्वांटम फील्ड थिअरीचं उघडलं की काळाच्या पदाला प्लस. उपाय सोपा आहे, पुस्तकाच्या आतल्या कव्हरवर पेन्सिलीने चार ओळी लिहून ठेवा: युनिट्स कुठली, थीटा कुठला, टू पाय कुठे, चिन्हं कुठली.

पैसे

परदेशी प्रतींच्या किमती बघून घाबरू नका, यातल्या पुष्कळ पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या निघतात, कागद पातळ असतो, काही काही प्रतींत आकृत्या जरा फिक्या येतात, पण किंमत बरीच कमी. फक्त घेण्याआधी अनुक्रमणिका मूळ पुस्तकाशी ताडून बघा, कारण कधीकधी चॅप्टर इकडेतिकडे केलेले असतात. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौक, मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवरचे सेकंडहँड स्टॉल, तिथे चक्कर मारा, सेमिस्टर संपल्यावर जास्त माल येतो. मला एका ठिकाणी कोरं वाटणारं पुस्तक मिळालं, घरी येऊन बघतो तर मधली सोळा पानं उलटी शिवलेली, तेव्हा विकत घेताना पानं भरभर चाळून घ्या.

फुकट आणि कायदेशीर असंही भरपूर आहे. केंब्रिजचे डेव्हिड टाँग यांच्या नोट्स, जवळजवळ सगळ्या विषयांच्या. शॉन कॅरॉलच्या जनरल रिलेटिव्हिटीच्या नोट्स, ज्यांचं पुढे पुस्तक झालं. शेल्डन ॲक्सलरच्या लिनिअर अल्जिब्राची चौथी एडिशन. गिल्बर्ट स्ट्रँगची एमआयटीची व्हिडिओ लेक्चर्स. आणि आपल्याकडचे, आयआयटी मद्रासचे व्ही. बालकृष्णन, एनपीटीईएल या आयआयटींच्या फुकट ऑनलाइन कोर्सच्या साइटवर त्यांचे क्लासिकल आणि क्वांटम फिजिक्सचे कोर्स आहेत, खडू-फळा आणि एक माणूस, बाकी काही नाही, पण एकदा बघायला बसलं की उठवत नाही.

मॅथ्सचं जरा वेगळं आहे

फिजिक्ससाठी लागणारं गणित आणि गणितासाठी गणित या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि इथे खूप जण फसतात, मीही. कोणीतरी सांगतं की पाया पक्का हवा तर रुडिन वाच. रुडिन म्हणजे वॉल्टर रुडिनचं ॲनालिसिसचं (कॅल्क्युलसची प्रूफांसकट काटेकोर मांडणी) पुस्तक, १९५३ साली पहिल्यांदा आलं, तिसरी एडिशन १९७६ ची तीच अजून चालते, आकृत्या जवळजवळ नाहीत, एकेक प्रूफ इतकं घासूनपुसून ठेवलंय की कुठून सुचलं त्याचा मागमूस नाही. सुंदर आहे. पण हायड्रोजनपर्यंत जायला त्याची गरज नाही. क्वांटमवाल्याने आधी लिनिअर अल्जिब्रा करावा, स्ट्रँगने सुरुवात, मग हवं तर ॲक्सलर. ॲक्सलर डिटर्मिनंट पार शेवटी ढकलतो आणि ऑपरेटरबद्दल बोलतो, आणि क्वांटममध्ये आपल्याला तेच हवं असतं.

ज्यांना खरोखरच मॅथ्स करायचंय, प्रूफवालं, त्यांची अडचण वेगळी असते. न्यूमेरिकल उत्तर नसतं, त्यामुळे आपलं प्रूफ चुकलंय हे कळतच नाही. म्हणून पहिलं पुस्तक बडबडं असावं. स्टीफन ॲबटचं ॲनालिसिसचं पुस्तक प्रत्येक चॅप्टरची सुरुवात एका कोड्याने करतं, अनंत बेरजेतल्या संख्यांचा क्रम बदलला तर उत्तर बदलतं ते कसं, वगैरे, आणि मग व्याख्या येतात, त्यामुळे व्याख्या अशी का हे पटतं. टेरेन्स ताओचे ॲनालिसिसचे दोन भाग पार नैसर्गिक संख्यांपासून सुरू होतात, आणि ते मुळात भारतातल्याच प्रकाशनाने काढले, हिंदुस्तान बुक एजन्सीने, त्यामुळे इथली प्रत परवडते. स्पिव्हॅकचं कॅल्क्युलस प्रॉब्लेम्ससाठी, उत्तरांचं पुस्तक वेगळं मिळतं. मुंबई विद्यापीठात शिकवलेले एस. कुमारेसन सर, ज्यांनी १९९३ मध्ये एमटीटीएस हे उन्हाळी गणित शिबिर सुरू केलं, त्यांची पुस्तकंही जरूर बघा, लिनिअर अल्जिब्राचं भूमितीच्या अंगाने लिहिलेलं आहे आणि आपल्याकडचा विद्यार्थी कुठे अडतो हे त्यांना नेमकं ठाऊक आहे.

प्रूफ तपासायची माझी युक्ती सांगतो. पुस्तकातलं प्रमेय फक्त वाचायचं, प्रूफ झाकायचं, स्वतः लिहायचं आणि दोन दिवस वही बंद ठेवायची. मग परक्या माणसाची वही तपासतोय अशा खडूसपणे वाचायचं, प्रत्येक ओळीला "कशावरून?" विचारायचं. जिथे "उघड आहे" लिहिलंय तिथे बहुतेक वेळा माशी शिंकलेली असते. मग पुस्तकातलं प्रूफ उघडायचं.

एक मुख्य, एक मदतनीस, बाकीची माळ्यावर

निवड झाली की एका विषयाला एकच मुख्य पुस्तक, त्याचे प्रॉब्लेम्स क्रमाने करायचे, आणि एक मदतनीस, जे फक्त अडल्यावर उघडायचं. तिसरं नाही. तीन पुस्तकं टेबलावर असली की अडलं की पुस्तक बदलतो आपण, आणि अडतं तिथेच तर खरं शिकणं चाललेलं असतं. वेगाचं म्हणाल तर मला ग्रिफिथ्सचं इलेक्ट्रोडायनॅमिक्स रोज सकाळी तासभर बसून चौदा महिने लागले, सुट्ट्या आणि आजारपण धरून. एका पानाला अर्धा तास लागला तर ते नॉर्मल आहे, कादंबरी नाहीये ती.

सोडायचं कधी, हेही आधीच ठरवून ठेवा, नाहीतर एकतर चाळिसाव्या पानावर सुटतं किंवा हट्टाने वर्ष जातं. मी असं करतो: सलग दोन आठवडे, रोज बसूनसुद्धा, एकही प्रॉब्लेम सुटला नाही तर पुस्तक बंद, पण बंद करण्याआधी शेवटच्या पानावर तारीख, पान नंबर आणि अडलेली गोष्ट लिहायची, म्हणजे "पान ५२, टेन्सर येत नाहीत" अशी. मग ती गोष्ट दुसरीकडून शिकायची आणि परत यायचं. लांदाऊच्या त्या क्वांटमच्या खंडात माझ्याच अक्षरात "पान ३८, ऑपरेटर म्हणजे काय?" असं लिहिलेलं सापडलं परवा. सध्या पान १२० वर आहे.